डावीकडचं अपेंडिक्स

६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर मी उत्तर दिलं नाही म्हणून तू आईकडे माझी चुगली केलीस, ते कळलं. अगं, कारखान्यात मान वर करायला फुरसत नाही. एकाच मापाच्या काळ्या बुटांची भलीमोठी मागणी आली आहे आणि जोड लावायच्या टेबलावर आम्ही दोघीच, मी आणि शेजारची लांब वेणीवाली. डावा घ्यायचा, उजवा घ्यायचा, कातड्याची छटा, टाक्यांची रांग, टाचेची उंची जुळवायची आणि पुढे सरकवायचा. काल मुकादम एक जोड घेऊन तणतणत आला. दोन्ही बूट डाव्या पायाचे! सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठीवर नंबर निघाला वेणीवालीचा. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा जोड गेलेला नाही, हे आईसमोर मोठ्यानं वाचून दाखव. जन्मभर म्हणत आलात ना, डावरीला डावं-उजवं कळत नाही.

बरं, आता कामाचं. ह्यांची तिसरी तपासणीही चांगली निघाली. तू सांगितलंस तसंच केलं: नमुन्याची बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, आणि तासाच्या आत प्रयोगशाळेत. बस डेपोत वेळापत्रकं लावणाऱ्या माणसाला वेळेचं काय सांगायचं! आठ वाजून दहाची बस, चाळीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. बसमध्ये नेमके त्यांचे साहेब शेजारी बसले आणि सारखं विचारत राहिले की छातीवर हात का धरलाय, दुखतंय का. घरी आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण नंतर हे बराच वेळ बाल्कनीत एकटे उभे होते. तिसऱ्या वेळी माणसाला हसू तरी किती येणार?

सहा वर्षं झाली, ताई. तू दिलेला थर्मामीटर रोज सकाळी डोळे उघडायच्या आत तोंडात असतो. तापमान लिहायची तिसरी वही भरत आली. दर वेळी तू लिहितेस की घाई करू नकोस. पण आता माझी पण तपासणी व्हायला नको का? इथं एक डॉक्टरीणबाई आहेत, वेणीवालीच्या जावेला त्यांच्याचकडे गुण आला. तुमच्या दवाखान्यात जोडप्यांना भरायला देता तो छापील फॉर्म पाठव. म्हणजे घरी बसून नीट भरून नेते.

भाचीला पापा. माझी आठवण कमी आणि पत्रं जास्त येऊ देत.

तुझी,
डावरी


१९ जानेवारी

चि. सौ. डावरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आईला हसू आवरेना. तुझ्या ह्यांच्या साहेबांचा किस्सा मी दवाखान्यातही सांगितला, अर्थात नाव-गाव न सांगता. दोन्ही डाव्या बुटांचंही वाचून दाखवलं. आई म्हणाली, शिकली हो पोरगी अखेर.

आमच्याकडे गर्दी मी म्हणते. माझं टेबल दाराजवळच, म्हणजे प्रत्येक जोडपं आधी माझ्यापुढे येतं. चाळीस प्रश्न विचारायचे. पाळी कशी, आधी कधी दिवस गेले होते का, मोठी आजारपणं, शस्त्रक्रिया, त्याला लहानपणी गालगुंड झालं होतं का, भट्टीजवळ काम करतो का. बायका एकट्याच येतात आणि नवऱ्याला कामातून वेळ नाही म्हणतात. मी त्यांना सरळ परत पाठवते. आमचे मोठे डॉक्टर म्हणतात की तपासायचं ते जोडपं, एकटी बाई नाही. दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची आणि माहिती खरी घ्यायची, निम्मा इलाज तिथंच होतो. थोडक्यात, तूही जोड्या तपासतेस आणि मीही.

तुझ्या बाबतीत मात्र माझं ऐक. तुझी पाळी घड्याळासारखी आहे. तुला काही झालेलं नाही. उगीच कुणाच्या तरी हाती पडशील आणि ते टोचत-तपासत बसतील. त्यापेक्षा तुझ्या ह्यांची आणखी एकदा, थंडी संपल्यावर करून घ्या. आकडे ऋतूप्रमाणे वरखाली होतात. सहा वर्षं म्हणजे काही जन्म गेला नाही. माझ्या टेबलासमोर दहा-दहा वर्षं झालेली बसतात.

फॉर्म पाठवते आहे, तू हट्टीच आहेस म्हणून. शस्त्रक्रियेच्या रकान्यात नुसतं ‘अपेंडिक्स’ लिही. फार खोलात जाऊ नकोस. जुन्या गोष्टींचे फाटे फुटले की डॉक्टर मूळ मुद्दा विसरतात. आणि आमच्या दवाखान्यात यायचं मात्र काढू नकोस. ओळखीच्या लोकांत तुलाच अवघडल्यासारखं होईल.

जिवाला जप. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे काय पत्रातून सांगायला हवं?

तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थंडी संपायची वाट न बघता ह्यांनी चौथ्यांदाही बाटली नेली. ताई म्हणतेय तर करू या, म्हणाले. रिपोर्ट आधीच्यासारखाच. तो घेऊन मंगळवारी आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तुझा फॉर्म बघून त्या खूश झाल्या. इतका व्यवस्थित फॉर्म कुणी केला, असं विचारलं. माझी बहीण हेच काम करते, असं मी तोऱ्यात सांगितलं.

मग तपासायला घेतलं. पोटावरचा वण बघून हे कशाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, अपेंडिक्सचं. त्यांनी पुन्हा वणावर बोट ठेवलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा मी आपला घरचा विनोद सांगितला, की मी डावरी ना, म्हणून माझं अपेंडिक्सही डावीकडेच निघालं. हा विनोद ऐकून आजवर सगळे हसलेत. लग्नानंतर पहिल्यांदा सांगितला तेव्हा हे पण हसले होते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की अपेंडिक्स उजवीकडे असतं, डाव्या हातानं लिहिणाऱ्यांचंसुद्धा.

ताई, मी खरंच वेडी आहे का गं? सोळा वर्षांत एकदाही मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही. डावऱ्यांचं कधीकधी उलटं असतं, असं तूच सांगितलं होतंस. ज्या घरात नर्स आहे त्या घरात पुस्तक उघडून कोण बघतं?

मग सोनोग्राफी केली. त्या बराच वेळ डावीकडे यंत्र फिरवत राहिल्या. डाव्या बाजूला अंडाशय दिसत नाही म्हणाल्या. नळीचाही पत्ता नाही. उजवीकडचं आहे, पण दमत आल्यासारखं वाटतं आणि त्या बाजूची नळी जुन्या शस्त्रक्रियेमुळे चिकटली असण्याची शंका आहे. चार-पाच वर्षांपूर्वी आला असतात तर हातात वेळ होता, असं त्या सहज बोलून गेल्या. मग माझा चेहरा बघून पाणी मागवलं.

शस्त्रक्रियेचे कागद आणायला सांगितलेत. मला त्या दिवसांतलं फक्त भुलीचा वास आणि उशाशी बसलेली तू, एवढंच आठवतं. तू होतीस तिथं. काही चूक झाली असेल, दुसऱ्या कुणाचं काही माझ्यावर लागलं असेल, तर तसं लिही. पण काहीतरी लिही. रोज टपालाची वाट बघते.

तुझी,
डावरी


२४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईनं मला वाचून दाखवलं. ती रडरड रडली, दोन दिवस जेवली नाही. म्हणून तिच्याऐवजी मीच लिहिते आहे. डोळ्यांनी नीट दिसत नाही, अक्षर गोड मानून घे.

बाळ, जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? तेव्हा तुझ्या पोटात गाठ होती, ती फिरली आणि आतल्या भागाला पीळ पडला. तो काढावा लागला. डॉक्टर म्हणाले की एक बाजू शाबूत आहे, तेवढ्यावर मुलं होतात. मग गावभर दवंडी कशाला पिटायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला उजवायची होती मला. पोरीचं अर्धं आतडं-कातडं काढलंय असं कळल्यावर कुणी उंबऱ्यात उभं केलं असतं तुला? तुझं तोंड फटकळ. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या भेटीतच जावईबापूंना सांगून मोकळी झाली असतीस. म्हणून तुलाही नाही सांगितलं. अपेंडिक्स म्हणून टाकलं, ते खपलं.

ताईला मात्र बोल लावू नकोस. बावीस वर्षांची पोर ती, तिला तरी काय कळणार होतं? दोन दिवस अलीकडे काय आणि पलीकडे काय, व्हायचं ते झालंच असतं. मी तुम्हा दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही. एकीला साडी तर दुसरीलाही साडी. तेवढं माझं ध्यानात ठेव.

जावईबापूंना सगळं सांगायची काही गरज नाही. तब्येतीला सांभाळ. माझ्या जिवाला आता घोर लावू नका.

तुझी आई


२ मार्च

ताईस,

आईचं पत्र आलं. मी तुला लिहिलेलं आईला वाचून दाखवलंस, आणि उत्तरही तिच्याच हातून पाठवलंस. वा! चाळीस प्रश्न विचारणाऱ्या बाईला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

आईनं गाठीचं लिहिलं. ते मी वाचलं, पुन्हा वाचलं, कारखान्यात टेबलाखाली धरून पुन्हा वाचलं. तिनं माझ्या लग्नासाठी केलं म्हणे. मला राग आला आहे, पण आईचं मला निदान समजतं तरी. मला पुढचं समजत नाही. तुला बोल लावू नकोस, असं ती का म्हणते? मी तुला कुठं बोल लावला होता? माझं दहा तारखेचं पत्र काढून बघ. त्यात तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. आणि हे ‘दोन दिवस अलीकडे-पलीकडे’ काय आहे? कुठले दोन दिवस?

ह्यांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. आई म्हणते तशी मी फटकळच आहे. ह्यांनी एवढंच विचारलं की ताईंनी चौथी बाटली न्यायला सांगितली, तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं का? त्याचं उत्तर तू दे.

आणि या वेळी स्वतः लिही.


९ मार्च

चि. सौ. डावरीस,
आशीर्वाद देण्याचा माझा हक्क राहिला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी देते.

तुझ्या ह्यांना सांग की होय, ठाऊक होतं. चौथ्याच काय, पहिल्या वेळीही ठाऊक होतं.

ते दोन दिवस तुला आठवत नाहीत हे माझं नशीबच होतं. आई मामाकडे गेली होती आणि तुला माझ्यावर सोपवलं होतं. नर्सिंगचं माझं दुसरं वर्ष. सोमवारी दुपारी तू पोट दुखतंय म्हणालीस. उलट्या करत होतीस. मी नुकतंच अपेंडिक्सचं शिकले होते. मोठी डॉक्टर असल्यासारखी मी तुझं पोट उजवीकडे दाबलं. तू म्हणालीस, तिथं नाही, डावीकडे. मी म्हटलं, हिला मेलीला डावं-उजवं कधी कळलंय? पुन्हा उजवीकडे दाबलं. तिथं तुला दुखेना, म्हणून मी ठरवलं की काही नाही, वारा धरलाय. गरम पाण्याची पिशवी दिली. मंगळवारी तू जास्त ओरडायला लागलीस, तेव्हा नाटकं करू नकोस म्हणून रागावले. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. बुधवारी आई आली आणि तिनं तुला उचलून नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की सोमवारी आणली असती तर बहुतेक पीळ सोडवता आला असता. अंडाशय वाचलं असतं. ते मी एकटीनं ऐकलं. आईला नंतर सांगितलं. आई म्हणाली की एकीचं गेलं ते गेलं, आता दुसरीचं शिक्षण जायला नको. वॉर्डात शेजारच्या बाईनं कसलं ऑपरेशन म्हणून विचारलं, तेव्हा अपेंडिक्स हा शब्द माझ्याच तोंडून गेला. तो डावऱ्यांचा विनोदही माझाच. तू शुद्धीवर आल्यावर हसलीस, आणि मला वाटलं, सुटले.

तुझ्या लग्नानंतर दर वेळी ‘थांब’ लिहीत गेले. मी स्वतःला सांगायची की होईल, एका बाजूवर होतं. रोज माझ्या टेबलावर बायका येतात, मी त्यांना बजावते की लपवू नका, वेळ घालवू नका. मग घरी येऊन तुला लिहायची, घाई करू नकोस. तू तपासणीला गेलीस की वण दिसणार आणि सगळं बाहेर येणार, एवढंच मला दिसायचं. मला तू हवी होतीस गं. तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

दुर्बिणीनं तपासणी करायची ठरली तर मी रजा घेऊन येते. महिनाभर राहते. तुझं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं मी करीन. तू मला शिव्या दे, पण येऊ दे.

माझ्याकडे मागायला तोंड नाही, तरी पूर्वीची माया थोडी राखून ठेव.

तुझी,
ताई


३ एप्रिल

सौ. ताईस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते ह्यांनी आणि मी एकत्र वाचलं. वाचून झाल्यावर हे उठले आणि डेपोत गेले. रविवार होता, काम काही नव्हतं. संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले की चार वेळा बसमधून गेलो त्याचं काही नाही, पण सहा वर्षं बायकोसमोर मी मान खाली घालून बसलो, ते मला परत कोण देणार? माझे आकडे चांगले असतानाही तुझ्या ‘आणखी एकदा’मुळे त्यांना वाटत राहिलं की काहीतरी त्यांच्यातच आहे. एकदा त्यांनी मला सांगून टाकलं होतं की हवं तर मला सोड. ते मी तुला पत्रातून कळवलं होतं, आठवतं? तू उत्तर लिहिलं होतंस की पुरुष असे हळवे होतात, लक्ष देऊ नकोस.

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी आजवर नुसतं ऐकून होते. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुला शिव्या देते आणि लगेच तू माझी वेणी घालायचीस ते आठवतं, मग शिव्याही धड पुऱ्या होत नाहीत. त्याचाच मला जास्त संताप येतो.

सतरा वर्षांच्या पोरीचं बावीस वर्षांच्या पोरीनं ऐकलं नाही, ते मी पोटात घातलंही असतं. परीक्षा होती, आई नव्हती, चूक झाली. रडून माझ्या गळ्यात पडली असतीस तर मीच तुझे डोळे पुसले असते. पण तिशी उलटलेल्या बाईनं थर्मामीटर पाठवला. तीन वह्या मी रोज पहाटे उठून भरल्या. ती तू केलेली चूक नव्हती. ते तू रोज ठरवून केलंस. तुझ्यासमोर बसणाऱ्या अनोळखी बायकांना तू खरं सांगतेस, आणि मला नाही. आईला कळव की तिनं साड्या सारख्या वाटल्या असतील, पण दोन मुलींत कुणाला वाचवायचं ते तिनं ठरवलं आणि मला विचारलंही नाही.

दुर्बिणीची तपासणी सोळा तारखेला आहे. उजवी नळी मोकळी करता आली तर डॉक्टरीणबाई एक वर्ष देतात. फार तर दीड. नाही झाली तर काय, ते मी आत्ता विचारत नाही. तू येऊ नकोस. अंथरूण-पांघरूण हे करतील. त्यांनी रजेचा अर्ज दिला आहे आणि स्वतःचंच वेळापत्रक बसवलं आहे, पाण्यापासून गोळ्यांपर्यंत. काय निघालं ते हेच आईला कळवतील. आई तुला सांगेलच, तुम्हा दोघींचं तसंच चालतं.

भरती व्हायला नवा फॉर्म दिला होता. शस्त्रक्रियेच्या रकान्यात मी सगळं लिहिलं, वयासकट. रकाना पुरला नाही, तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं.

थर्मामीटर परत पाठवते आहे. कापसात नीट गुंडाळलाय, फुटणार नाही. यापुढे मला डावरी म्हणू नकोस. घरात दुसरं नाव आहे माझं.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

तुझी धाकटी बहीण

ता. क. दुखत होतं ते डावीकडेच, ताई. मी बरोबर सांगत होते.